वर्णपटावरून निदान करणारे फायबर प्रोब : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, कराड, सातारा या पट्ट्यात इंजिनिअरिंगची मुलं, दंतवैद्य, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि कुपवाड एमआयडीसीतले टूलरूमवाले हेच प्रश्न फिरून फिरून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवली. उदाहरणं बहुतेक तोंडाच्या तपासणीची आहेत. इकडे तंबाखू आणि मिसरी घराघरात आहे आणि २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी असली तरी मावा काही थांबलेला नाही. त्यामुळे डॉक्टरांचा पहिला प्रश्न तोंडाच्या कॅन्सरचाच असतो.

प्रोब म्हणजे नेमकं काय?

काचेच्या बारीक तंतूंची, म्हणजे फायबरची, जुडी. तिच्या एका टोकाला प्रकाशस्रोत आणि स्पेक्ट्रोमीटर असतो, दुसरं टोक रुग्णाच्या गालाला किंवा जिभेला टेकतं. काही फायबर प्रकाश आत नेतात, काही परत आलेला प्रकाश गोळा करतात. ऊतीत शिरलेला प्रकाश थोडा शोषला जातो, बराचसा विकिरणामुळे भरकटून बाहेर येतो, आणि अगदी थोड्याची तरंगलांबीच बदलते. कोणत्या तरंगलांबीला किती प्रकाश परत आला, याचा आलेख म्हणजे वर्णपट. रक्त किती, कोलॅजेन (ऊतीला आधार देणारं तंतुमय प्रथिन) किती, पेशी किती दाटीने बसल्या आहेत, याच्या खुणा त्यात असतात.

पुष्कळ जण प्रोबला साधी वायर समजतात आणि प्रकल्पाचा सगळा पैसा स्पेक्ट्रोमीटरवर घालतात. माझ्या मते हे उलटं आहे. स्पेक्ट्रोमीटर आलेला प्रकाश मोजतो, पण ऊतीच्या कोणत्या थरातून प्रकाश यायचा ते प्रोबच्या टोकाचे शेवटचे दोन-तीन मिलिमीटर ठरवतात. तिथे चूक झाली की पुढे कितीही महागडं यंत्र लावा, चुकीच्या थराचाच अचूक वर्णपट मिळतो.

बायोप्सी आहे ना? मग हे कशाला?

बायोप्सी राहणारच. अडचण असते ती तुकडा कुठून घ्यायचा याची. गालात मोठा पांढरा चट्टा असतो, त्यातला एखादाच कोपरा बिघडलेला असतो, आणि डोळ्यांना सगळा सारखाच दिसतो. संशयाची जागा दाखवणं, त्याच रुग्णावर दर काही महिन्यांनी न कापता लक्ष ठेवणं, शस्त्रक्रियेत गाठीची कड कुठवर गेली आहे ते पाहणं, ही प्रोबची कामं. आपल्याकडे हे काम नवं नाही. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक केंद्रात तोंडाच्या कॅन्सरवर रामन वर्णपटाचं, म्हणजे रेणूंवर आदळून तरंगलांबी बदललेल्या त्या थोड्याशा प्रकाशाचं, संशोधन बरीच वर्षं चालू आहे. इंदूरच्या राजा रामन्ना केंद्राने तोंडाच्या तपासणीसाठी ऑन्कोडायग्नोस्कोप नावाचं उपकरण केलं आहे.

डिझाइनची सुरुवात कुठून करायची? आधी लेझर घेऊ की स्पेक्ट्रोमीटर?

काहीच घेऊ नका. आधी डॉक्टरांसमोर बसा आणि विचारा, तुम्हाला कोणत्या खोलीवरचा बदल पाहायचा आहे?

तोंडातला कॅन्सर बहुतेक वेळा वरच्या आवरणात, एपिथेलियममध्ये सुरू होतो. गालाच्या आतून हे आवरण साधारण अर्धा मिलिमीटर जाड असतं, जिभेखाली त्याहून बरंच पातळ. खाली कोलॅजेन आणि रक्तवाहिन्यांचा थर. सुरुवातीच्या बिघाडात वरचा थर जाड होतो, पेशींची केंद्रकं मोठी होतात आणि खालच्या कोलॅजेनची चमक कमी होते. आता खालचा थर पाहायचा ठरवलं तर प्रोब वेगळा, वरचा पाहायचा ठरवलं तर वेगळा. दोन्ही पाहायचे असतील तर एकाच टोकात फायबरच्या दोन जोड्या, वेगवेगळ्या अंतरांवर बसवायच्या.

खोली दोन गोष्टींनी बदलते. पहिली तरंगलांबी. अतिनील आणि निळा प्रकाश काही शेकडा मायक्रॉनांतच संपतो. लाल आणि अवरक्त प्रकाश काही मिलिमीटर आत जातो, कारण तिथे रक्ताचं शोषण कमी असतं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रकाश देणाऱ्या आणि गोळा करणाऱ्या फायबरांमधलं अंतर. ते काही मिलिमीटर असेल तर मोजणीची सरासरी खोली अंतराच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत धरतात. ढोबळ नियम आहे, आणि अंतर मिलिमीटरच्या खाली गेलं की तोही लागू पडत नाही. ऊतीत प्रकाशाची मूळ दिशा पुसली जायला साधारण मिलिमीटरभर अंतर लागतं. त्याच्या आत विसरणाची सोपी सूत्रं चालत नाहीत, तिथे मॉन्टे कार्लो पद्धतीने संगणकावर लाखो फोटॉन सोडून पाहावे लागतात. लिहाँग वांग आणि स्टीव्हन जॅक्स यांचा १९९५ साली प्रसिद्ध झालेला एमसीएमएल हा प्रोग्राम त्यासाठी फुकट मिळतो आणि साध्या लॅपटॉपवर चालतो. इंजिनिअरिंगच्या मुलांनी शेवटच्या वर्षी नुसता एवढाच प्रकल्प केला तरी चांगला आहे. धातूला हात लावण्याआधी चार भूमिती कागदावर बाद होतात.

मधे एक आणि भोवती सहा फायबर असलेला तयार प्रोब मिळतो. तो का नको?

नको असं नाही. परावर्तन मोजायला, शिकायला तो उत्तम. पण त्याचा हिशेब एकदा करून बघा.

समजा सगळ्या फायबरांचा गाभा २०० मायक्रॉन, आणि दोन फायबरांची केंद्रं २५० मायक्रॉन लांब. म्हणजे गाभ्यांच्या कडांमध्ये ५० मायक्रॉनांची फट. न्युमेरिकल अपर्चर, म्हणजे फायबर किती रुंद शंकूत प्रकाश देतो-घेतो त्याचं माप, ०.२२ असेल तर हवेत प्रकाशाचा शंकू अक्षापासून १२.७ अंशांनी पसरतो. ऊतीचा अपवर्तनांक १.३७ च्या आसपास, म्हणून तिथे तोच कोन ९ अंशांवर येतो. देणारा आणि घेणारा, असे दोन शंकू पृष्ठभागापासून साधारण १५० मायक्रॉन खाली गेल्यावरच एकमेकांना भेटतात. विकिरणामुळे ही रेघ धूसर होते हे खरं, तरी ज्या वरच्या थरासाठी सगळा खटाटोप चालला आहे, नेमका त्याच्याकडेच हा प्रोब सगळ्यात कमी लक्ष देतो.

वरचा थरच पाहायचा असेल तर फायबरांची टोकं तिरकी घासून शंकू एकमेकांकडे वळवतात, किंवा टोकाला लहान गोल भिंग बसवतात. तिसरा मार्ग एकाच फायबरने प्रकाश देण्या-घेण्याचा. त्यात दोन शंकू पूर्णपणे एकावर एक बसतात, पण फायबरच्या तोंडावरून परतणारा प्रकाशही त्यात मिसळतो. तो वजा करताना नाकी नऊ येतात.

न्युमेरिकल अपर्चर मोठं घेतलं तर जास्त प्रकाश मिळेल?

फायबरमध्ये मिळेल. ऊतीतून प्रकाश सगळ्या दिशांनी बाहेर पडतो आणि ०.२२ चा फायबर त्यातला जेमतेम अडीच टक्के उचलतो. ०.३९ चा घेतला तर आठ टक्क्यांपर्यंत जातो. पण पुढे स्पेक्ट्रोमीटर एफ/४ चा असेल तर त्याला फक्त ०.१२५ पर्यंतचा शंकू लागतो. वरचा प्रकाश आतल्या भिंतींवर आपटून भटका प्रकाश बनतो आणि मंद शिखरं त्याखाली गाडली जातात. प्रोब आणि स्पेक्ट्रोमीटर एकमेकांना शोभतील असे घ्यायला हवेत.

आणखी एक काटकसर इथेच होते. २०० मायक्रॉनांचा गोल फायबर स्पेक्ट्रोमीटरच्या ५० मायक्रॉनांच्या प्रवेशफटीसमोर लावला की बहुतेक प्रकाश फटीच्या दोन्ही बाजूंना वाया जातो. म्हणून गोळा करणारे फायबर बारीक घ्यायचे, रुग्णाच्या टोकाला गोलात आणि स्पेक्ट्रोमीटरच्या टोकाला उभ्या रेषेत लावायचे. रेषा उंच झाली की कॅमेऱ्यावर तिची प्रतिमा किंचित कमानीसारखी वाकते. ती सॉफ्टवेअरने सरळ केल्याशिवाय ओळी एकत्र करू नका, नाहीतर शिखरं रुंद होतात.

परावर्तन, प्रतिदीप्ती की रामन?

परावर्तन सगळ्यात स्वस्त. पांढरा दिवा आणि साधा स्पेक्ट्रोमीटर. यातून रक्ताचं प्रमाण आणि ऑक्सिजन कळतो. ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनचे ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरला दोन खड्डे दिसतात, ऑक्सिजन निघून गेला की ते मिटून ५५६ च्या आसपास एकच रुंद खड्डा उरतो. विकिरणावरून पेशींच्या रचनेचाही अंदाज येतो.

प्रतिदीप्तीत एका रंगाचा प्रकाश टाकून दुसऱ्या रंगाचा परत येणारा पाहतात. ३४० नॅनोमीटरला एनएडीएच (पेशीच्या ऊर्जेच्या कामातला एक रेणू) उत्तेजित होऊन ४५० ते ४६० ला चमकतं, कोलॅजेन त्याच्या आधी ४०० च्या अलीकडे. तसाच दुसरा रेणू, एफएडी, ४५० ला उत्तेजित होऊन ५३० च्या आसपास चमकतं. ४०५ टाकलं की पॉर्फिरिन या रंगद्रव्याची लाल चमक ६३५ ला दिसते. या शेवटच्या शिखरावर नवे लोक फार खूश होतात. दातांवरच्या आणि जखमेतल्या जिवाणूंतही पॉर्फिरिन असतं, त्यामुळे नुसत्या लाल चमकेवरून काहीही ठरवू नये.

रामन सगळ्यात नेमका आणि सगळ्यात अवघड. त्याला वेगळा प्रश्न लागेल.

रामन प्रोबमध्ये एवढे फिल्टर कशाला? त्यांचीच किंमत जास्त आहे.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी २८ फेब्रुवारी १९२८ ला जो परिणाम नोंदवला, तो मुळातच अत्यंत क्षीण आहे. विकिरण झालेल्या कोट्यवधी फोटॉनांमागे एखादाच रामनचा. आणि फायबरही काचेचाच, म्हणजे सिलिकाचा. त्याचंही रामन विकिरण होतं. रुग्णाच्या गालातला प्रवास मिलिमीटरचा, फायबरमधला दोन-तीन मीटरचा. अशा स्पर्धेत गालाचा आवाज ऐकू येणार कसा?

म्हणून दोन गाळण्या लावतात, आणि त्या टोकालाच, रुग्णाच्या बाजूला असाव्या लागतात. प्रकाश नेणाऱ्या फायबरच्या टोकाला फक्त लेझरची रेघ पुढे सोडणारा फिल्टर. वाटेत तयार झालेला सिलिकाचा रामन प्रकाश तिथे अडतो. गोळा करणाऱ्या फायबरच्या तोंडाला लेझर अडवून लांब तरंगलांब्या सोडणारा फिल्टर, म्हणजे ऊतीवरून उसळलेला लेझर आत शिरून परतीच्या वाटेवर पुन्हा सिलिकाला डिवचत नाही. हे दोन्ही फिल्टर स्पेक्ट्रोमीटरच्या बाजूला लावले तर उपयोग नाही, कारण तोवर भेसळ झालेली असते. पुष्कळ जण पैसे वाचवायला हेच करून बसतात.

७८५ नॅनोमीटरचा लेझर घेतला तर ८०० ते १८०० प्रति सेंटीमीटरचा (रामनमधलं सरकणं याच एककात मोजतात) उपयोगाचा पट्टा ८३८ ते ९१४ नॅनोमीटरवर पडतो. फेनिलअॅलानिन या प्रथिनांतल्या अमिनो आम्लाचं १००४ चं टोकदार शिखर ८५२ वर दिसतं. निरोगी गालात चरबीची १४४० च्या आसपासची आणि १७५० ची शिखरं ठळक असतात. गाठीत प्रथिनांचा जोर वाढतो.

फिल्टरचा एक छुपा त्रास आहे. हे फिल्टर पातळ थरांचे असतात आणि तिरक्या किरणांसाठी त्यांची कड निळ्याकडे सरकते. ०.२२ च्या शंकूतल्या सगळ्यात बाहेरच्या किरणासाठी ७८५ ला हे सरकणं पाच-सहा नॅनोमीटरचं असू शकतं. फिल्टरच्या पत्रकात दिलेला आलेख सरळ किरणांचा असतो. म्हणून एकतर छोट्या भिंगाने किरण समांतर करून मग फिल्टर ठेवा, नाहीतर कड निवडताना ही सूट धरा.

फिल्टर टाळायचेच असतील तर वेगळी वाट आहे. २८०० ते ३८०० प्रति सेंटीमीटरच्या पट्ट्यात सिलिका जवळजवळ गप्प असतो, त्यामुळे फिल्टर नसलेला एकच फायबर पुरतो. ७८५ च्या लेझरला हा पट्टा १००६ च्या पुढे जातो, तिथे सिलिकॉनचा कॅमेरा आंधळा व्हायला लागतो. ६७१ चा लेझर घेतला की तोच पट्टा ८२६ ते ९०१ वर येतो. माहिती कमी मिळते, चरबी, प्रथिनं आणि पाणी एवढीच. पण प्रोब सुईत जाईल इतका बारीक होतो. तोंडातलं पाणी मोजण्यावरून बिघाड ओळखता येतो का, हा प्रश्न मला स्वतःला फार आवडतो.

फायबर कोणता मागवायचा?

अतिनील आणि निळ्यासाठी जास्त हायड्रॉक्सिल असलेला सिलिका, अवरक्तासाठी कमी हायड्रॉक्सिलचा. उलटं केलं तर ९५० च्या आसपास खड्डा पडतो. बाहेरचं आवरण अॅक्रिलेटचं असेल तर ८५ अंशांच्या पुढे ते टिकत नाही. पॉलिइमाइड ३०० पर्यंत टिकतं, पण ते स्वतःच प्रतिदीप्त होतं, तेव्हा टोकापासून थोडं मागपर्यंत सोलून काढावं. शोभेच्या दिव्यातले प्लॅस्टिकचे तंतू शाळेच्या प्रयोगाला ठीक. रामनला अजिबात नको.

आमच्या गावात ऑप्टिकल फायबरच्या केबल जोडणारा माणूस आहे. त्याच्याकडून होईल?

हात चांगला असेल तर पॉलिशचं काम त्याच्याकडून शिका, पण त्याच्याकडचा फायबर घेऊ नका. टेलिकॉमच्या फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनांचा असतो आणि तो १३१० आणि १५५० नॅनोमीटरसाठी बनवलेला असतो. ऊतीतून आलेला पसरट प्रकाश त्यात शिरणार नाही. त्याचं जोडणीचं यंत्र १२५ मायक्रॉनांच्या बाह्य व्यासासाठी लावलेलं असतं. आपले स्पेक्ट्रोमीटर बहुधा एसएमए ९०५ कनेक्टरचे, त्याच्याकडचे एससी किंवा एलसी.

मग टोक बनवायचं कुठे? परदेशातूनच?

रामनचे फिल्टर बाहेरून घ्यावे लागतात. बाकी टोकाची नळी, फायबर बसवायची जिग, हँडल, हे कुपवाडच्या कोणत्याही चांगल्या टूलरूममध्ये होतं. ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस स्टीलची इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक नळी, वायरकटने कापलेली. त्यांना ड्रॉइंग देताना मायक्रॉनात टॉलरन्स लिहून घाबरवू नका. सहा फायबर एकाभोवती आपोआप नीट बसतात, नळीचा आतला व्यास तेवढा अचूक हवा.

चिकटवायला उष्णतेने पक्का होणारा काळा इपॉक्सी वापरा. साधा पिवळसर इपॉक्सी निळ्या प्रकाशात स्वतःच चमकतो आणि एका फायबरमधला प्रकाश शेजारच्यात झिरपू देतो. मग पॉलिश : ३० मायक्रॉनांच्या फिल्मपासून ९, ३, १ आणि शेवटी ०.३, प्रत्येक वेळी पाण्याने धुऊन. मधली एक पायरी गाळली तर आधीचे ओरखडे शेवटपर्यंत राहतात. प्रत्येक पायरीनंतर सूक्ष्मदर्शकाखाली टोक पाहायची सवय लावा.

टोकाला काचेची किंवा नीलमण्याची खिडकी बसवणार असाल तर तिच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून परतणारा प्रकाश शेजारच्या फायबरमध्ये शिरतो, ऊतीला न शिवताच. खिडकी पातळ ठेवा किंवा तिरकी बसवा.

तोंड नीट उघडतच नाही अशा रुग्णाचं काय?

सुपारी आणि गुटखा खाऊन सबम्युकस फायब्रोसिस झालेल्यांची दोन बोटंही तोंडात जात नाहीत, आणि तपासणीची गरज त्यांनाच जास्त. सरळ, जाड हँडलचा प्रोब तिथे निरुपयोगी. लांब बारीक मान आणि बाजूला प्रकाश टाकणारं टोक लागतं.

बाजूला प्रकाश टाकायला फायबरचं टोक अक्षाशी ४० अंशांचा कोन करून तिरकं घासतात, म्हणजे आतल्या आत पूर्ण आंतरिक परावर्तन होऊन प्रकाश कुशीतून बाहेर पडतो. सिलिका ते हवा यांसाठी क्रांतिक कोन ४३ अंशांचा, आणि किरण त्या तिरक्या तोंडावर ५० अंशांनी पडतो, म्हणून जमतं. पण टोकाला लाळ लागली की बाहेर हवा राहत नाही, क्रांतिक कोन ६५ अंशांच्या पुढे जातो आणि प्रकाश सरळ निघून जातो. म्हणून असं टोक बारीक काचनळीत, हवा कोंडून, बंद करायचं. त्या नळीचं तोंड गळलं तर तो प्रोब लगेच काढून टाका.

फायब्रोसिसमध्ये कोलॅजेन साचतं, त्यामुळे त्याची प्रतिदीप्ती वाढते. कॅन्सरकडे झुकणाऱ्या बिघाडात ती कमी होते. एकाच गालात दोन्ही चालू असतील तर दोन परिणाम एकमेकांना खाऊन वर्णपट साळसूद दिसू शकतो. इतर राज्यांतल्या किंवा परदेशांतल्या रुग्णांवरून बांधलेला निकष इकडे तसाच लावू नये, तो यामुळे.

प्रोब किती जोरात टेकवायचा?

कमीत कमी. जोरात दाबला की तिथलं रक्त बाजूला सरतं, जागा पांढरी पडते आणि हिमोग्लोबिनचे खड्डे उथळ होतात. एक डॉक्टर हलका टेकवतात, दुसरे दाबून धरतात, आणि मग वर्णपटावरून निरोगी की आजारी हे ठरवणारा प्रोग्राम रुग्णांऐवजी डॉक्टरांनाच वेगळं ओळखायला लागतो. टोकामागे हलकी स्प्रिंग बसवली की जोर जवळपास सारखा राहतो. मोजणी एक-दोन सेकंदांत संपेल असं पाहा. अवघडलेला रुग्ण त्याहून जास्त स्थिर राहत नाही. खोलीतले ट्यूबलाइट बंद करा, निदान प्रत्येक मोजणीआधी लेझर बंद ठेवून एक काळा वर्णपट घ्या.

रुग्णाने काही खाल्लं असेल तर फरक पडतो?

पडतो, आणि इकडे जास्तच. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ज्या कुर्कुमिनमुळे तिला रंग आहे तेच निळ्या प्रकाशात ५०० ते ५४० नॅनोमीटरला जोरात चमकतं. एफएडीचं शिखरही तिथेच. आमटी-भाकरी खाऊन आलेल्या रुग्णाच्या तोंडातून जे येतं ते पेशींचं की जेवणाचं, हे कोणी सांगावं? मिसरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्यांवर काळपट थर असतो, तो सगळाच प्रकाश गिळतो. पानातला कात लाल बाजूलाही गडबड करतो.

मोजणीआधी मिठाच्या पाण्याने खळखळून चूळ भरायला लावा, ओल्या गॉझने जागा पुसा आणि थोडा वेळ थांबा. घासून पुसलं तर जागा लाल होते, मग तेही मोजणीत येतं. आणि नोंदवहीत शेवटचं खाणं, तंबाखू कधी घेतली, मिसरी लावता का, हे लिहाच. मावश्यांना मिसरीबद्दल थेट विचारलं तर नाही म्हणतात. "दात कशाने घासता?" असं विचारा.

चाचणीसाठी रुग्णांआधी काय वापरायचं? दूध चालेल?

फक्त विकिरणासाठी दूध चालतं, स्वस्त आहे आणि भिलवडीपासून कराडपर्यंत कुठेही ताजं मिळतं. पण दुधात रायबोफ्लेविन असतं, तेही ५३० च्या आसपास चमकतं. शिवाय फॅट रोज बदलतं. प्रतिदीप्तीच्या प्रोबला दूध नको.

शिरेतून द्यायचं चरबीचं इमल्शन, इंट्रालिपिड, मोठ्या औषधालयात मिळतं. त्याचं एक टक्का द्रावण केलं की लाल-अवरक्तात विकिरण ऊतीच्या जवळपास, साधारण १० प्रति सेंटीमीटर येतं. त्यात मोजून शाई घातली की शोषण वाढवता येतं. टिकाऊ ठोकळा हवा असेल तर सिलिकॉन रबरात टायटॅनियम डायऑक्साइड. रामनचं कॅलिब्रेशन करायला पॅरासिटामॉलची गोळी पुरते, तिची शिखरं प्रमाण म्हणून जगभर वापरतात. पॉलिस्टायरिनचं १००१ चं शिखरही सोयीचं. उन्हाळ्यात इकडे खोलीचा पारा चढतो तेव्हा स्पेक्ट्रोमीटरची तरंगलांबी सरकते, म्हणून हे सकाळी एकदा करून भागत नाही.

निर्जंतुक कसा करायचा?

तोंडाच्या ओल्या त्वचेला टेकणारी वस्तू नुसती स्पिरिटने पुसून चालत नाही. दवाखान्यातला ऑटोक्लेव्ह १२१ किंवा १३४ अंशांना जातो. त्यात टिकायचं तर इपॉक्सी, आवरण, हँडल सगळंच त्या तापमानाचं हवं, हे पहिल्या दिवशीच ठरवा. प्रोब तयार झाल्यावर हा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या मोठी आहे.

दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये बुडवणार असाल तर आधी टोक नीट धुवा. वाळलेली लाळ त्यात शिजल्यासारखी घट्ट बसते आणि ग्लुटाराल्डिहाइडने बांधलेली प्रथिनं स्वतः प्रतिदीप्त होतात. महिन्याभरात प्रत्येक रुग्ण थोडा थोडा आजारी दिसू लागतो. एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिकचं टोपण हा तिसरा उपाय, पण त्याचाही वर्णपट आधी घेऊन बघा.

किती प्रकाश टाकला तर सुरक्षित?

त्वचेसाठीच्या लेझर मर्यादेत ७८५ नॅनोमीटरला, दहा सेकंदांहून जास्त वेळासाठी, प्रति चौरस सेंटीमीटर सुमारे ०.३ वॅट चालतो. सरासरी ३.५ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर काढतात, म्हणजे एकूण २८ मिलिवॅटच्या आसपास. अतिनील आणि निळ्याचं गणित वेगळं आणि जास्त कडक, कारण तिथे मात्रा साचत जाते. नैतिक समितीला हे आकडे हिशेबासह द्या. रुग्ण, डॉक्टर आणि मदतनीस तिघांनाही त्या तरंगलांबीचे चष्मे. प्रोब तोंडात टेकल्याशिवाय लेझर सुरू होणार नाही अशी पायाची कळ बसवली तर उत्तम.

परवानगी लागते का? आम्ही फक्त कॉलेजचा प्रकल्प करतोय.

फँटमवर, म्हणजे इंट्रालिपिड किंवा सिलिकॉनच्या ठोकळ्यासारख्या नकली ऊतीवर, करत असाल तर नाही. माणसाला टेकवणार असाल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिक समितीची मंजुरी आणि रुग्णाची मराठीत लिहिलेली, त्याला वाचून दाखवलेली संमती हवीच. विकायचं उपकरण झालं की २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात. त्यात अ, ब, क, ड असे धोक्यानुसार वर्ग आहेत. सांगलीतल्या इंजिनिअरिंगच्या आणि मिरजेतल्या वैद्यकीय महाविद्यालयात रिक्षाचंच अंतर आहे, तेव्हा पॅथॉलॉजीच्या सरांना प्रकल्प सुरू होण्याआधी भेटा. बायोप्सीचा अहवाल आणि वर्णपट एकाच जागेचे असायला हवेत, आणि ते त्यांच्याशिवाय जमत नाही.

आमच्या प्रोबची अचूकता ९८ टक्के आली. छापू का?

आधी सांगा, चाचणीतले वर्णपट कोणाचे होते? एका रुग्णाच्या गालावर दहा ठिकाणी मोजलं, त्यातले आठ शिकवायला आणि दोन तपासायला ठेवले, तर प्रोग्राम त्या माणसाला ओळखतो, आजाराला नाही. एक अख्खा रुग्ण बाजूला ठेवून तपासा. मग जो आकडा येईल तो छापा. तो कमी असेल तरी पॅथॉलॉजिस्ट त्यावर विश्वास ठेवतील. दुसरं, निरोगी म्हणून कॉलेजची विशीतली पोरं आणि आजारी म्हणून साठीचे तंबाखू खाणारे घेतलेत का ते बघा. वयानेच कोलॅजेन बदलतं.

जुना प्रोब बिघडलाय हे कसं ओळखायचं?

स्पेक्ट्रोमीटरचं टोक सोडवून तिथून टॉर्चचा प्रकाश टाका आणि रुग्णाच्या बाजूचं तोंड भिंगाने बघा. गोळा करणारे सगळे गाभे सारखे उजळले पाहिजेत. एखादा अंधारा म्हणजे मधे तुटला, अंधुक म्हणजे पॉलिश गेलं किंवा वर काही साचलं. मग ठरलेल्या सिलिकॉनच्या ठोकळ्यावर, ठरलेल्या वेळेचा वर्णपट घेऊन पहिल्या दिवशीच्या वर्णपटाने भागा. भागाकार सपाट असून नुसता खाली आला असेल तर प्रकाश कमी झाला, दुरुस्त होण्यासारखं आहे. भागाकाराचा आकार बदलला असेल, विशेषतः निळ्या बाजूला झुकला असेल, तर इपॉक्सी किंवा टोकाची खिडकी बदलली असं समजायचं, आणि शेवटचा चांगला वर्णपट ज्या तारखेचा आहे त्यानंतरचे सगळे रुग्ण विश्लेषणातून बाजूला काढायचे. सहा गोळा करणाऱ्या फायबरांपैकी एक गेला आणि उरलेले पाच ठीक असतील तर परावर्तनाचं काम चालू ठेवता येतं, फक्त नवं कॅलिब्रेशन करून. मधला गेला तर टोक कापून पुन्हा पॉलिश करायचं, म्हणून बनवतानाच नळीत दोन-तीन सेंटीमीटर फायबर जास्तीचा ठेवा.